न्हाणीघरातले पाढे

आमच्या घरात अंघोळीला गेलेला माणूस पाढे म्हणतो. गाणी नाहीत, स्तोत्रं नाहीत, पाढे. दोनापासून सुरुवात करायची आणि अंघोळ आटपेपर्यंत थांबायचं नाही. आमचे जावई लग्नानंतर पहिल्यांदा राहायला आले आणि न्हाणीघरात शिरले, तेव्हा माझ्या मुलीने बाहेरून दार वाजवून ‘आवाज येत नाही’ असं बजावलं. बिचारे साबण लावलेल्या अंगाने घाबरून गप्प उभे राहिले. नंतर चहा पिताना मी त्यांना म्हटलं, मनावर घेऊ नका, ही आमच्या घरची रीत आहे. ही रीत घातली कुणी, असं त्यांनी विचारलं. आमच्या बंगळूरच्या घरमालकांनी, असं मी सांगितलं आणि मग सगळंच सांगत बसावं लागलं.

त्यांना अख्खी बसवनगुडी अण्णा म्हणायची. घराणं मूळचं आपल्याकडचं, पण चार-पाच पिढ्यांपूर्वी दक्षिणेत जाऊन तिथलंच झालेलं. घरात मराठी बोलत, पण त्या मराठीत ‘स्वल्प’ आणि ‘सरी’ हे कानडी शब्द इतके मुरले होते, की ते परके आहेत हे त्यांना सांगूनही पटलं नसतं. बोलणं मराठीत आणि मोजणं कानडीत, अशी त्यांची वाटणी होती. पावलं मोजत चालले, की ‘ओंदु, एरडु, मूरु’ असं पुटपुटत. उंच, काटकुळे, खांद्यावर पंचा आणि सदऱ्याच्या खिशात, जिथे आम्ही इंजिनियर लोक पेन लावायचो तिथे, चार-पाच उदबत्त्या. नवा माणूस त्यांना भटजी समजायचा आणि मुहूर्त विचारायचा.

पण अण्णांचा धंदा बाजाच्या पेट्या दुरुस्त करण्याचा होता. शहरातल्या भजनी मंडळांच्या हार्मोनियम आणि कँटोन्मेंटातल्या चर्चमधले मोठाले ऑर्गन, दोन्ही त्यांच्या हाताखालून जात. भात्याला कुठे बारीकशी चीर पडली, की सूर दमेकऱ्यासारखा होतो, आणि ती चीर डोळ्यांना दिसत नाही. मग अण्णा उदबत्ती पेटवत आणि भात्याभोवती सावकाश फिरवत. धूर सरळ वर जात असला, तर पुढे सरकायचं. जिथे तो वाकडा झाला, तिथे बोट ठेवायचं. उभी हयात हेच केल्यामुळे जगात वाऱ्याखेरीज काही लक्ष देण्याजोगं आहे, असं त्यांना वाटेनासं झालं होतं.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता, ‘आला कुठून, जाणार कुठं?’ हा प्रश्न वाऱ्याबद्दल असे, आणि तो ते कुठेही विचारत. मी घर बघायला गेलो, तेव्हा माझी नोकरी कुठे, पगार काय, माणसं किती, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. पुढच्या खोलीच्या मध्यभागी उदबत्ती धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, बघा, खिडकीतून आला, त्या झरोक्यातून गेला. झरोका कधी बंद करायचा नाही, एवढी एकच अट. मी हसू दाबून कबूल केलं. सरकारी कारखान्यात मी मोठमोठ्या भट्ट्यांची ड्रॉइंगं वाचत होतो, आणि हा माणूस मला झरोका शिकवत होता.

त्यांच्या तऱ्हा मोजाव्यात तेवढ्या थोड्या. एकदा आम्ही त्यांना आग्रहाने सिनेमाला नेलं. मध्यंतर होताच ते उठून बाहेर आले आणि परत आत आले नाहीत. आत सगळी वापरलेली हवा आहे, म्हणाले. ‘वापरलेली हवा’ हा त्यांच्या कोशातला सगळ्यात वाईट शब्द. गांधी बझारजवळच्या एका लग्नात ते वधूपक्षाकडून जेवायला आले होते. पंगतीत धूर भरला, नवरदेवाच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि वरपक्ष रुसायच्या बेतात आला. अण्णांनी खिशातली उदबत्ती काढून मांडवाला एक फेरी मारली आणि आचाऱ्याला चुली उचलून दहा हात पलीकडे मांडायला लावल्या. आचारी तीन वेळा बडबडला, शेवटी त्याने चुली हलवल्या, आणि पानावर बसलेल्यांना एकमेकांची तोंडं दिसू लागली. त्या लग्नानंतर आसपासचे लोक मांडव घालण्याआधी त्यांना बोलावून नेऊ लागले. यासाठी ते एक पैसा घेत नसत, फक्त खिडकीजवळचं पान मागत.

आता माझ्याकडे वळतो, कारण या गोष्टीतला शहाणा मीच आहे.

साठ सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्या कारखान्यातून बरीच मंडळी ट्रेनिंगला परदेशी जायची. कुणी येताना रेडिओ आणे, कुणी कॅमेरा. मी जर्मनीत सहा महिने राहिलो आणि येताना पाणी तापवायचा गॅसचा गीझर घेऊन आलो. त्याला कारण होतं. घराच्या आमच्या भागात गरम पाणी मिळायचं ते अण्णांच्या हंड्यातून. त्यांच्या न्हाणीघरात भिंतीत बसवलेला एक भला मोठा तांब्याचा हंडा होता, आणि त्याच्या चुलीचं तोंड भिंतीपलीकडे, परसात उघडायचं. लाकडं आणि नारळाची सोडणं बाहेर जळत आणि पाणी आत तापे. आमची ही तिथून बादल्या भरून आमच्या न्हाणीघरापर्यंत आणायची. मी जर्मनीत असतानाच दिवस गेल्याचं तिचं पत्र आलं. तेव्हाच मी ठरवलं, की बाळंतपणात माझ्या बायकोला बादली उचलायला लागता कामा नये. नळ सोडला, की ऊन पाणी.

गीझर पांढराशुभ्र, इनॅमलचा, दोन हात उंच. दुकानदाराला खोदून खोदून विचारून मी त्यात सिलिंडरच्या गॅसवर चालणारी तोटी बसवून घेतली होती. एवढी अक्कल मी दाखवली. फक्त पेटी भरताना त्याच्या डोक्यावर बसवायची पत्र्याची लांब नळी कशात मावेना. नळी काय, पत्र्याचीच तर आहे, बंगळूरला कुणीही वळून देईल, असं म्हणून मी ती तिथेच ठेवली आणि त्या जागेत बाळासाठी एक लोकरीचं पांघरूण कोंबलं. घरी आल्यावर त्या नळीची मला आठवणही राहिली नाही.

गॅसची जोडणी मिळायला दोन महिने गेले. ती मिळाली आणि त्याच आठवड्यात आम्हाला मुलगी झाली. डिसेंबर होता. बंगळूरची थंडी दिसायला सौम्य, पण पहाटे हाडात शिरते. बायको दहा दिवस इस्पितळात राहणार होती, आणि साताऱ्याहून सासूबाई येऊन दाखल झाल्या होत्या. त्यांनी उभ्या आयुष्यात अकरा बाळंतपणं निभावली होती आणि त्यांचं एकच शास्त्र होतं, बाळंतिणीला वारा लागता कामा नये. आल्या दिवशी त्यांनी आमचं न्हाणीघर पाहिलं. पाच हात लांब, चार हात रुंद, एक दार आणि छताजवळ एक झरोका. तो झरोका त्यांनी तासाभरात जुन्या लुगड्याच्या बोळ्यांनी गच्च बुजवून टाकला. आणि मला म्हणाल्या, जावईबापू, तुमचा तो जर्मन बंब इथे आतच लावा, म्हणजे पाण्याबरोबर खोलीही ऊबदार राहील.

मला ते पटलं. माझ्याही मनात तेच होतं. खिळे ठोकायचे म्हणून घरमालकांना विचारायला गेलो.

अण्णा आले, गीझरकडे पाहिलं, झरोक्यातले बोळे पाहिले, आणि कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. बेडा, म्हणाले. म्हणजे नको. मी कारण विचारलं. त्यांनी गीझरबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक मागितलं. ते जर्मनमध्ये होतं, म्हणून मी उत्साहाने त्यातली वाक्यं वाचून दाखवू लागलो. अण्णांना वाक्यांशी कर्तव्य नव्हतं. ते चित्रं बघत होते. एका चित्रावर त्यांनी बोट ठेवलं. गीझरच्या डोक्यातून एक नळी निघून भिंतीबाहेर गेली होती.

“ही कुठं आहे?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, की ती आणली नाही, जागा खात होती.  गीझरच्या डोक्यावरच्या भोकावर तळहात ठेवून अण्णांनी आपला ठरलेला प्रश्न विचारला. मी त्यांना विज्ञान समजावून सांगितलं. म्हटलं, ही काही लाकडं नाहीत, गॅसची ज्योत निळी असते, तिला धूर येत नाही, काजळी धरत नाही. धूरच नाही, तर जायचा कुठे? त्यांनी उदबत्ती पेटवली, मला आत घेतलं आणि दार लावलं. धूर वर गेला, छताला पसरला, आणि मग चारी भिंतींवरून हळूहळू आमच्या तोंडापाशी खाली आला. मी म्हटलं, हा उदबत्तीचा धूर आहे अण्णा, गॅसचा नाही. गॅसचं काही दिसणारसुद्धा नाही.

“दिसत नाही म्हणून तर उदबत्ती लागते, इंजिनियरराव,” ते म्हणाले.

तीन दिवस ही चर्चा चालली. सासूबाई दाराआडून बोलत, अण्णा परसातून बोलत, आणि मध्ये मी. दोघांच्याही तोंडी एकच विषय, वारा. एकीला तो घरात शिरू द्यायचा नव्हता आणि दुसऱ्याला तो घरातून निघून जायला वाट हवी होती. सासूबाई म्हणत, या माणसाच्या नादाने माझी पोर गारठेल. अण्णा म्हणत, अम्मांना थंडी दिसते, दुसरं दिसत नाही. इकडे दिवस संपत चालले. आणखी दोन दिवसांनी बायको आणि मुलगी घरी येणार होत्या, आणि गीझर अजून खोक्यातच होता. शेवटी माझं डोकं फिरलं. मी अण्णांना सरळ म्हटलं, उद्या आपण पेट्या घेऊन चर्चला जाल, तेवढ्यात मी दोन खिळे ठोकून मोकळा होईन.

हे ऐकून ते रागावले नाहीत.  मग म्हणाले, माझ्या पाठीमागे लावणारच असाल, तर माझ्या डोळ्यांपुढे लावा. पण आधी तुम्ही अंघोळ करायची. झरोका बंद, दार बंद, जशी अक्का करणार तशी. कडी मात्र लावायची नाही, दाराला मी पाठ टेकून बसेन. आणि आत जाऊन पाढे म्हणायचे, दोनापासून तिसापर्यंत, मोठ्यानं. चुकलात, की मी दार उघडणार. अक्का म्हणजे माझी बायको. तिला ते पहिल्या दिवसापासून अक्का म्हणत.

मला हसू आलं. पाढे माझे तोंडपाठ होते. शाळेत मला त्याबद्दल बक्षीस मिळालं होतं. पण एक अडचण अण्णांनीच काढली. त्यांचं मोजणं कानडीत, त्यांची ‘मग्गी’, म्हणजे पाढे, कानडीत, मराठी पाढ्यातली चूक त्यांच्या कानाला कळली नसती. तेव्हा ते सासूबाईंकडे वळले.

“अम्मा, मराठी पाढे तुम्ही ऐका,” ते म्हणाले. “जावयाची परीक्षा सासूनेच घ्यावी.”

सासूबाईंना हा पोरखेळ वाटला, पण पाढ्यांचं नाव निघाल्यावर त्या नाही म्हणू शकल्या नाहीत. साताऱ्याला वाड्यातली सगळी मुलं संध्याकाळी त्यांच्यापुढे बसून पाढे म्हणत आली होती. सकाळी पाट घेऊन दाराशी बसेन, असं त्यांनी आधीच जिंकल्यासारखं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन खिळ्यांवर गीझर टांगला, रबरी नळी जोडली, सिलिंडर बाहेर ठेवला, आणि आत जाऊन दार ओढून घेतलं. ज्योत भप्प करून लागली. निळी, स्वच्छ, जशी पुस्तकात होती तशी. नळातून वाफाळतं पाणी आलं. मी पहिला तांब्या अंगावर घेतला आणि त्या क्षणी मला वाटलं, आपल्यासारखा कर्तबगार नवरा साऱ्या बंगळूरात नसेल. बे एके बे पासून मी खड्या आवाजात सुरुवात केली.

दहापर्यंतचे पाढे धडाधड गेले. बारा, तेरा, चौदा. खोली ऊबदार झाली, सासूबाई म्हणाल्या होत्या तशी. पंधराला थोडा घाम आला. सोळाच्या पाढ्यात ज्योत जरा पिवळी वाटली, पण वाफेमुळे तसं दिसत असेल, म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग सतरा, अठरा, एकोणीस, वीस, एकवीस, सगळे नीट झाले, एकही अडला नाही. मी तेविसाच्या पाढ्यात होतो, आणि अंगात एक छान जडपणा आला होता, तेवढ्यात अण्णांनी दार सताड उघडलं. मला दंडाला धरून त्यांनी पंच्यासकट परसात आणलं आणि सिलिंडरचा कान पिरगळून गॅस बंद केला.

मी चिडलो. चुकलो नव्हतो, तेविसाचा पाढा म्हणत होतो, मध्येच दार का उघडलं, असं मी विचारलं. विचारता विचारता माझे पाय लटपटले आणि मी तुळशीच्या कट्ट्यावर बसलो. डोक्यात घण पडत होते. पोटात ढवळून आलं.

सासूबाई माझ्यासमोर उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“जावईबापू, तुम्ही तेविसापर्यंत गेलाच नाहीत,” त्या म्हणाल्या. “एकोणिसातच फिरत होता. सत्ते एकशे तेहेतीस, अठ्ठे एकशे तेहेतीस, नव्वे एकशे तेहेतीस. तीन वेळा तेच.”

 सासूबाई पाढ्यात खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या. आणि मला तर तो एकविसाचा पाढा अजून कानात ऐकू येत होता, जो मी म्हटलाच नव्हता. जन्मात मी इतका घाबरलो नाही. माझा हात मोडला असता, तर मला कळलं असतं. इथे माझी अक्कलच मला न सांगता निघून गेली होती आणि मी खुशीत होतो.

 अण्णांनी लिंबाचं सरबत मागवलं आणि मला पंच्याने वारा घालत बसले. बोलल्या त्या सासूबाई. माझी पोर काही अंघोळ करताना पाढे म्हणत नाही, एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

“आणि ती दहा दिवसांची,” अण्णा हळूच म्हणाले, “तिला मग्गी कुठली येते?”

मग सासूबाई उठल्या, न्हाणीघरात गेल्या आणि पाटावर चढून झरोक्यातले सगळे बोळे त्यांनी स्वतःच्या हातांनी ओढून काढले. बाहेर येऊन अण्णांना विचारलं, अण्णा, आता बंब कुठे लावायचा ते तुम्ही सांगा. तोवर त्या त्यांना ‘तुमचे ते घरमालक’ म्हणत आल्या होत्या.

त्या दिवशी अण्णा चर्चला गेले नाहीत. दिवसभर ते उदबत्ती घेऊन घराभोवती फिरले आणि त्यांच्या मागे आम्ही दोघं. स्वयंपाकघर सासूबाईंनी सुचवलं. शेगडी आणि गीझर एकाच खोलीतली हवा खाणार, म्हणून ते बाद झालं. जिन्याखालची जागा मी सुचवली. तिथे उदबत्तीचा धूर हललासुद्धा नाही. बोळ चालला असता, पण बोळातला वारा थेट बाळाच्या खोलीत जात होता. शेवटी अण्णा आमच्या न्हाणीघराच्या मागच्या भिंतीपाशी आले, बाहेरच्या बाजूला, परसात. वरती वळचणीचं छप्पर होतं, म्हणजे पाऊस लागणार नव्हता. आसपास एकही खिडकी नव्हती. त्यांनी हंड्याच्या चुलीपर्यंत पावलं मोजली, ‘ओंदु, एरडु’ करत चोवीसपर्यंत गेले आणि मान डोलावली. ठिणगी इथवर यायची नाही. मग उदबत्ती भिंतीशी धरली. धूर भिंतीलगत वर गेला आणि छपराच्या कडेवरून आकाशात निघून गेला.

“इस्तू बाहेर, पाणी आत,” अण्णा म्हणाले. “आमच्या आजोबांच्या हंड्याचं हेच आहे. तुमचा जर्मन त्याहून वेगळा नाही.”

ते ऐकून मी कपाळाला हात लावला. तो हंडा मी दोन वर्षं रोज पाहत होतो. त्याच्या चुलीचं तोंड बाहेर का, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. उलट कारखान्यात मी त्या हंड्याची टिंगल केली होती.

उरला प्रश्न नळीचा. उघड्यावर तिची फार गरज नाही, असं मी म्हणून पाहिलं, पण जर्मन चित्रात आहे म्हटल्यावर अण्णा ऐकेनात. त्यांच्या ओसरीवर जस्ताची एक जाड नळी उभी असे. कुठल्याशा चर्चच्या जुन्या ऑर्गनमधली, खर्जाच्या सुराची, चेपलेली म्हणून टाकून दिलेली. इतकी वर्षं आम्ही सगळे त्यात छत्र्या ठेवत होतो. अण्णांनी छत्र्या बाहेर काढल्या, नळी ठोकून सरळ केली, तिचं सुराचं तोंड पत्र्याने बुजवलं, डोक्यावर पावसासाठी टोपी बसवली आणि स्वतः शिडीवर चढून ती छपराच्या वर काढली. संध्याकाळी गीझर भिंतीवर चढला. पाण्याची नळी तेवढी भिंतीतून आत गेली. सिलिंडर सपाट फरशीवर, सावलीत, हाताच्या अंतरावर. ज्योतीची खिडकी अण्णांच्या डोळ्यांच्या उंचीला येईल अशी त्यांनी मुद्दाम ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको आणि मुलगी घरी आल्या. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. शेजारच्या तीन-चार बायका जर्मन बंब बघायला परसात जमल्या होत्या. मी काडी ओढली, पण हात पुढे होईना, म्हणून अण्णांनी ती माझ्याकडून घेतली आणि ज्योत लावली. सासूबाई बाळंतिणीला आणि बाळाला घेऊन न्हाणीघरात गेल्या. दार लावायच्या आधी त्यांनी बाहेर डोकावून विचारलं, अण्णा, विस्तव बाहेर आहे, आता झरोका बुजवला तर चालेल का? अण्णांनी एक क्षण विचार केला आणि होकार दिला. त्या घरात अण्णांनी झरोका बुजवायची परवानगी दिली ती ही एकच वेळ. सासूबाईंचं तोंड असं फुललं, की अकरा बाळंतपणांत फुललं नसेल.

“पण अम्मा,” अण्णा म्हणाले, “मग्गी.”

दार लागलं. आतून पाण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सासूबाईंचा, बे एके बे. आम्ही बाहेर उभे. अण्णा ज्योतीच्या खिडकीला डोळा लावून, हातात उदबत्ती, आणि मी भिंतीला कान लावून. ज्योत निळी होती. धूर नळीबरोबर वर चालला होता. आतल्या आवाजात जरासुद्धा चढउतार नव्हता. बारा झाले, पंधरा झाले. सोळाला मी पुन्हा ज्योतीचा रंग बघून आलो. एकोणीस सुरू झाला तेव्हा मी डोळे मिटले. एकोणीस सत्ते एकशे तेहेतीस. एकोणीस अठ्ठे एकशे बावन्न. एकोणीस नव्वे एकशे एकाहत्तर. मी डोळे उघडले, तर अण्णांच्या हातातली उदबत्ती हलत होती. वारा नव्हता, त्यांचा हात हलत होता.

त्याच वेळी वरची नळी तापली आणि तिच्यातून एक खर्ज सूर निघू लागला, हळू, भरलेला. तोंड बुजवूनही तो कुठून तरी येत होता. छत्र्या पोटात घेऊन गप्प उभी राहिलेली ती नळी इतक्या वर्षांनी बोलली. जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. अण्णांनी मान किंचित वाकडी करून ऐकलं आणि कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाले, सुरात आहे. वर तो खर्ज, आत सासूबाईंचा पंचविसाचा पाढा, आणि त्यातच माझ्या मुलीने असा टाहो फोडला, की पलीकडच्या गल्लीत ऐकू गेला असेल. दहा दिवसांच्या पोरीच्या छातीत एवढी हवा मावते, हे मला ठाऊक नव्हतं. मी तिथेच परसात उभा राहून रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

तीस दाहे तीनशे. पाढे संपले. आत क्षणभर शांतता झाली आणि माझा जीव टांगणीला लागला. मग दाराआडून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला.

“अण्णा, एकतिसाचाही म्हणू का?”

अण्णांनी उदबत्ती भिंतीला टेकवून विझवली. त्यांचे डोळे भरून आले होते.

“म्हणा अम्मा,” ते म्हणाले. “पाणी अजून ऊन आहे.”